टूलमध्ये स्कोअर हिरवा झाला, पण संत्रा कलमांची वेबसाइट गुगलवर वर येईना

वरूड_रोपवाटिका

नमस्कार मंडळी. आमची वरूड तालुक्यात, शेंदुरजनाघाटच्या बाजूला संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. सासऱ्यांनी सुरू केलेली. कलमांचं सगळं अजूनही मामाजी आणि आमचे हे पाहतात. फोन, हिशेब आणि वेबसाइट माझ्याकडे.

वेबसाइट एका शहरातल्या एजन्सीकडून करून घेतली. सोबत त्यांनी मजकूर तपासायच्या एका टूलची वर्षाची वर्गणी भरायला लावली. त्यात आपला कीवर्ड, म्हणजे लोक गुगलवर जो शब्द शोधतील तो, टाकायचा, मजकूर चिकटवायचा, की ते शंभरपैकी गुण देतं आणि बाजूला शब्दांची यादी येते. हा शब्द तीनदा आणा, तो पाचदा आणा, मजकूर अजून लांब करा. एजन्सीने कीवर्ड ठरवून दिला 'संत्रा'. मी यादीप्रमाणे मजकूर वाढवत गेले. लाल होता तो स्कोअर हिरवा झाला. पण गुगलवर आमचं पान तिसऱ्या पानाच्या वर येऊनच नाही राहिलं.

यादीतले शब्द म्हणजे व्हिटॅमिन सी, त्वचा, रोगप्रतिकारशक्ती, वजन कमी करणे. त्यामुळे आमच्या मुख्य पानावर आता 'संत्रे त्वचेसाठी कसे उपयुक्त' असा मोठा परिच्छेद आहे आणि कलमांची माहिती त्याच्या खाली गेली. मामाजींनी वाचून विचारलं, कलम घ्यायला आलेला माणूस हे कशाला वाचेल? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता एजन्सी म्हणते, टूलची वर्गणी पुन्हा भरा आणि तालुक्यागणिक एक पान करा. 'संत्रा कलम काटोल', 'संत्रा कलम अचलपूर', 'संत्रा कलम आर्वी' अशी. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदलायचं. आमचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडावर असतो. मृगाचा पाऊस पडला की लोक कलमं शोधायला निघतात, म्हणून जे करायचं ते त्याआधी व्हायला पाहिजे. वर्गणी भरू का? ही पानं करू का? ज्यांनी मराठी वेबसाइटवर खरंच काम केलं आहे त्यांनी सांगावं.

पुलगावचे_मास्तर

ताई, आधी उत्तरं देतो, मग कारणं. वर्गणी सध्या भरू नका. तालुक्यांची पानं तर अजिबात करू नका.

पानांचं कारण छोटं आहे. गावाचं नाव बदलून तोच मजकूर टाकलेल्या पानांना गुगलच्या स्पॅम धोरणात 'डोअरवे' असं नाव आहे आणि ते उघडपणे नियमाबाहेर आहे. मार्च २०२४ मध्ये गुगलने ही धोरणं आणखी कडक केली. केवळ नंबर मिळावा म्हणून घाऊक पानं काढणं हा वेगळा गैरप्रकार त्यात आला. ती पानं माणसाने लिहिली की एआयने, याने फरक पडत नाही. काटोलसाठी तुमच्याकडे सांगण्यासारखं काही वेगळं असेल, म्हणजे गाडी कोणत्या वारी जाते, किमान किती कलमांना पोच मिळते, तिथल्या जमिनीत काय चालतं, तर काटोलचं पान जरूर करा. नाही तर नको.

आता टूलबद्दल. ही टूलं आतून काय करतात ते एकदा कळलं की त्यांची भीतीही जाते आणि भक्तीही. तुम्ही जो कीवर्ड टाकता, त्यावर गुगलच्या वरच्या दहा-वीस निकालांतली पानं ते उचलतं. त्यांत कोणते शब्द किती वेळा आले, शीर्षकं काय आहेत, लांबी किती आहे, हे मोजतं. तुमचा मजकूर त्यांच्याशी जितका जुळेल तितके गुण जास्त. गुगलला हा स्कोअर दिसतही नाही. तो त्या कंपनीचा स्वतःचा हिशेब आहे.

आणि 'संत्रा' एवढंच टाइप करणाऱ्याला गुगल काय दाखवतं? फळ. त्याचे फायदे, पोषणमूल्यं, रस. वरची सगळी पानं आरोग्याची, म्हणून तुमच्या यादीत त्वचा आली. कलम घेणारा माणूस त्या रांगेत उभाच नाही. टूलने हिशेब बरोबर केला, पण एजन्सीने त्याला गणितच दुसऱ्याचं दिलं. 'संत्रा कलम' किंवा 'संत्रा रोपवाटिका' टाकून बघा, यादी पार बदललेली दिसेल.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मी कॉलेजात ही वर्षानुवर्षं शिकवली. १९७२ साली केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स या बाईंनी मांडलं की जो शब्द सगळ्याच दस्तऐवजांत येतो त्याला शोधात फार वजन देऊ नये, आणि जो थोड्याच दस्तऐवजांत येतो त्याला जास्त द्यावं. शोधाच्या शास्त्रात या विचाराला फार मोठं स्थान आहे आणि मजकूर तपासणाऱ्या अनेक टूलांचा पायाही तोच आहे. तुमच्या धंद्याला हे लावून पाहा. 'संत्रा' लाखो पानांवर आहे. पण 'खुंट' (ज्या रोपावर कलम बांधतात ते), त्याचे 'जंभेरी' आणि 'रंगपूर' हे प्रकार, 'डोळा बांधणे' (खुंटावर संत्र्याची कळी बसवणं), 'डिंक्या' (खोडातून डिंक गळणारा रोग) हे शब्द मराठीत किती पानांवर नीट समजावून लिहिलेले आहेत? फार थोड्या. आणि हे शब्द तुमच्या मामाजींच्या तोंडी दिवसभर असतात. गाव सोडून कुठे जायची गरज नाही, मजकुराचा साठा तुमच्या घरातच आहे. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या साइट मी करतो आणि तिथे लोक टिकून वाचतात ती पानं नेहमी अशीच असतात.

लांबीचा धाकही सोडा. गुगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्टच लिहिलं आहे की शब्दसंख्येची त्यांची अशी कुठलीही पसंती नाही.

मराठीपुरतं अजून एक. अनेक टूलं 'संत्रा', 'संत्री', 'संत्र्याची', 'संत्र्याला' हे वेगवेगळे शब्द म्हणून मोजतात. म्हणून 'संत्र्याची कलमं' असं लिहिलं तरी ते म्हणतं 'संत्रा' कमी पडला. मग माणूस 'संत्रा कलम खरेदी करण्यासाठी संत्रा कलम रोपवाटिका' असली वाक्यं लिहायला लागतो. तसं लिहू नका. मुद्दाम शब्द कोंबणं हेही स्पॅम धोरणात मोडतं, आणि वाचणाऱ्याचा विश्वास जातो तो वेगळाच.

आता करायचं काय. सर्च कन्सोल उघडा. फुकट आहे, गुगलचंच आहे. एजन्सीने ते त्यांच्या खात्यावर घेतलं असेल तर मालकी तुमच्या ईमेलवर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यात 'परफॉर्मन्स' मध्ये गेलात की लोकांनी नेमकं काय टाकलं तेव्हा तुमचं पान दिसलं, किती जणांनी क्लिक केलं आणि सरासरी कितवा नंबर होता, हे सगळं कळतं. अगदी तुरळक शोध त्यात दाखवत नाहीत, तरी बाकीचे पुरेसे असतात. माहिती सोळा महिन्यांची मिळते, म्हणजे मागचा जून आणि जुलै तुमच्यासाठी तिथे जसाच्या तसा आहे. तेवढ्या दोन महिन्यांची तारीख लावून यादी काढा आणि इथे टाका. मग बोलू.

काटोलचा_कास्तकार

ताई, मले वेबसाइटचं काई समजत नाई, पण मी तुमचं गिऱ्हाईक हाये म्हणून सांगतो. आमच्याकडची जुनी बाग डिंक्यानं गेली, नवीन लावली तवा म्या मोबाइलवरच पाह्यलं होतं.

मी टाइप करत नाई. माइक दाबतो अन् बोलतो. 'संत्र्याची कलम कितीले भेटते', 'जंभेरीवरची कलम चांगली का रंगपूरवरची', 'एका एकरात संत्र्याची झाडं किती बसते'. असं बोलतो. गुगल समजते.

पान उघडलं का पयले भाव पाह्यतो. भाव नसला त बंद करतो. 'भावासाठी फोन करा' लिहून ठेवलं का वाटते, हे माणूस पाहून भाव सांगतात. त्याच्यानंतर फोटो. पण बागेतल्या पिवळ्या फळाचा फोटो नाई पाहिजे, तो सगळ्यांचाच सारखा असते. कलमेचा फोटो पाहिजे, डोळा कुठं बांधला ते दिसलं पाहिजे, मुळ्या दिसल्या पाहिजे.

अन् एक गोष्ट मनापासून सांगतो. आमच्या भाऊबंदात एकानं एका जागेवरून कलमा आणल्या, जंभेरीच्या म्हणून. झाड फळावर यायला पाच वर्षं लागते. तवा समजलं का आर्धी झाडं भलतीच हायेत. पाच वर्षं पाणी घातलं, खत घातलं, गेलं सगळं. म्हणून आमाले पानावर हे वाचाचं असते का डोळा कोणत्या झाडाचा, मातृवृक्ष कुठं हाये, परवाना हाये का, बिल देता का. त्वचेचं वाचून आमी काय करू?

वरूड_रोपवाटिका

भाऊ, तुमचं वाचून मामाजींना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, मातृवृक्ष पाहायचे असतील तर कधीही या, बागेतच आहेत. हे पानावर लिहिता येतं, हेच आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

मास्तर, सर्च कन्सोल मिळालं. मागच्या जून-जुलैची यादी काढली. सर्वांत जास्त 'संत्रा कलम किंमत', तेच रोमन अक्षरांत 'santra kalam rate', मग 'संत्रा नर्सरी वरूड', 'जंभेरी आणि रंगपूर फरक', 'संत्रा लागवड अंतर', 'एकरी संत्रा झाडे', 'फळबाग योजना संत्रा अनुदान कलम'. 'संत्रे त्वचेसाठी' यावर एकही क्लिक नाही.

मला नवल याचं वाटलं की 'जंभेरी आणि रंगपूर फरक' यावर आमचा सरासरी नंबर बारा-तेराच्या आसपास आहे, आणि साइटवर त्याबद्दल एकच वाक्य आहे. उलट 'किंमत' वर आम्ही खूप मागे. दरपत्रक साइटवर आहे, मग असं का? ते फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलं होतं, तेच चित्र टाकलं आहे.

हिंगणघाट_डीटीपी

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. माझं डीटीपीचं दुकान आहे आणि दर आठवड्याला हेच पाहते. चित्रातल्या अक्षरांना मजकुराची सर येत नाही. चित्रात काय लिहिलं आहे याच्यासाठी गुगल मुख्यतः पानावरचा मजकूर आणि चित्राचा ऑल्ट मजकूर (चित्रामागे लिहिलेलं त्याचं वर्णन) पाहतं, त्यामुळे दर हे साध्या अक्षरांत, तक्त्यात टाइप केलेले पाहिजेत. चित्र खाली राहू द्या, डाउनलोडसाठी.

टाइप करताना जुन्या पत्रकाची फाइल उचलून चिकटवू नका. आमच्याकडच्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात. छापताना सुंदर दिसतात, वेबसाइटवर मात्र आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि शोधणाऱ्याला ती सापडत नाही. तुमचा मजकूर ठीक आहे का ते पाहायला पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठीच उमटली तर काळजी नाही.

आणि फोटो बारीक करून टाका. फोनवरून काढलेला फोटो कित्येक एमबीचा असतो. शेतात उभ्या माणसाला नेटवर्कची एकच काडी असते, तो किती थांबेल? पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्याच फुकट टूलमध्ये आपल्या पानाचा पत्ता टाकून पाहा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर गुगल त्याला चांगलं म्हणतं.

पुलगावचे_मास्तर

डीटीपीच्या ताईंनी माझं अर्धं काम केलं. कास्तकार भाऊंनी तर कुठल्याही टूलपेक्षा चांगली यादी दिली. त्यांनी जे बोलून शोधलं तेच तुमच्या सर्च कन्सोलमध्ये आलं आहे, हे पाहिलंत ना?

'जंभेरी आणि रंगपूर' पासून सुरुवात करा. एका वाक्यावर तुम्ही बाराव्या-तेराव्या जागी असाल, तर याचा अर्थ या प्रश्नाला नीट उत्तर देणारी पानं फारशी नाहीत. त्यासाठी स्वतंत्र पान करा. शीर्षक असं ठेवा: 'संत्रा कलम: जंभेरी खुंट की रंगपूर? जमिनीप्रमाणे कोणतं घ्यावं'. पहिल्याच परिच्छेदात उत्तर द्या, प्रस्तावना नको. असं काहीतरी:

'जंभेरी खुंटावरचं झाड जोमाने वाढतं आणि विदर्भात वर्षानुवर्षं हाच खुंट वापरात आहे, पण डिंक्याला तो लवकर बळी पडतो. रंगपूर लाईम पाण्याचा ताण आणि जमिनीतले क्षार तुलनेने जास्त सहन करतो. आमच्याकडे दोन्ही मिळतात. तुमची जमीन कशी आहे ते खाली पाहा.'

पुढचं मामाजींना बोलू द्या. फोनवर रेकॉर्ड करा आणि जसं बोलतात तसं उतरवून घ्या. रोपावरून खुंट कसा ओळखायचा, पानाचा देठ कसा असतो, वास कसा येतो, डोळा जमिनीपासून साधारण नऊ-दहा इंचांवर का बांधायचा, आणि लावताना तो जोड मातीत का जाऊ द्यायचा नाही. प्रत्येकाला फोटो. गुगलच्या गुणवत्तेच्या निकषांत डिसेंबर २०२२ मध्ये प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली. मामाजींचा हात फोटोत डोळ्याशी दिसला, तर अनुभव याहून वेगळा काय असतो? जिथे शास्त्रीय शिफारस सांगाल तिथे नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पानाची लिंक द्या. वाचणाऱ्याला पडताळता येतं.

दुसरं पान अंतराचं. 'अठरा बाय अठरा फुटांवर एकरी १३४ झाडं बसतात, सहा बाय सहा मीटरवर ११२ च्या आसपास', हे पहिल्याच ओळीत. त्याखाली लगेच तुमचा दर. एकराला किती कलमं आणि किती रुपये लागतील, हे त्याला तिथेच कळावं. तूट भरायला थोडी जास्त कलमं घ्यावीत हेही सांगा.

तिसरं दरांचं. चौथं अनुदानाचं, पण तिथे जपून. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या अटी आणि रकमा तुम्ही स्वतः लिहू नका, त्या बदलतात. 'आमचा परवाना हा, बिल असं मिळतं, योजनेच्या अटी कृषी कार्यालयात विचारा' एवढंच लिहा. खोटी आशा लावणारं पान वर आलं तरी ते आपल्याला नको.

ही पानं लिहून झाली की मग टूल उघडा. वर्गणी संपायला वेळ आहे ना? 'संत्रा कलम' टाका आणि यादी फक्त आठवण म्हणून वाचा. त्यात 'बोर्डो पेस्ट' दिसलं आणि तुमच्या पानावर ते राहून गेलं असेल, तर नक्की घ्या. खोडाला पावसाळ्याआधी आणि नंतर लावायचं, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. हे गिऱ्हाइकाच्या कामाचं आहे. एखाद्या शब्दाबद्दल सांगण्यासारखं काहीच नसेल तर तो सोडून द्या, स्कोअर नारिंगी राहिला तरी चालेल.

गुगलवर व्यवसायाचं प्रोफाइल नसेल तर आजच करा. 'संत्रा नर्सरी वरूड' असं शोधणाऱ्याला आधी नकाशा दिसतो आणि तिथे अंतर, नावलौकिक आणि लोकांचे अभिप्राय यांना महत्त्व असतं. कलम नेलेल्या कास्तकारांना विनंती करा, खरा अभिप्राय लिहायला सांगा, फोटोसकट.

घाई मात्र करू नका. बदल गुगलच्या नजरेत यायला काही दिवस लागतात, नंबर हलायला कधी कधी महिने. जानेवारीत आकडे पडलेले दिसले तर घाबरू नका. यंदाचा जून मागच्या जूनशीच ताडून पाहा. आणि 'पहिला नंबर पक्का' असं कुणी म्हटलं तर त्याला काम देऊ नका. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलं आहे.

काटोलचा_कास्तकार

ताई, जंभेरी-रंगपूरचं पान झालं का मले लिंक पाठवा. आमच्या गटात टाकतो, तिथं शंभर जण हेच विचारत असते.

वरूड_रोपवाटिका

पाठवते भाऊ. त्वचेचा परिच्छेद काढून टाकला, दर टाइप करायला घेतले. मामाजी उद्या सकाळी कलमांच्या वाफ्यावर रेकॉर्डिंगला तयार आहेत.

मास्तर, एक शेवटचं. दर दरवर्षी बदलतात. एजन्सी म्हणते, दर साली नवीन पान करा, पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) वर्ष टाका. तसं करू का?

पुलगावचे_मास्तर

नको. पानाचा पत्ता एकच ठेवा, त्यात वर्ष घालू नका. जुन्या पत्त्याला कुणी गटात, कुणी आपल्या साइटवर लिंक दिलेली असते, ती कामाला येत राहते. दर बदलले की त्याच पानावर बदला आणि वर ठळक लिहा, 'हे दर अमुक तारखेपासूनचे'. पत्ता इंग्रजी अक्षरांत छोटा ठेवा. मराठी पत्ता गुगलला चालतो, पण व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक ओळ होते आणि लोक ती उघडायला कचरतात.

कलमं संपली तरी पान काढू नका. 'यंदाची संपली, पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू आहे' असं लिहा आणि खाली फोन नंबर राहू द्या.